डिस्चार्ज कार्डावर वजनाचा रकाना हवा

संपादक महोदय,

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेल्या, वृद्ध रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांची यादी मिळते, पण रोज काय पाहायचे ते क्वचितच सांगितले जाते. वॉर्डात आम्ही परिचारिका सकाळी वजन घेतो, सूज आहे का कळावे म्हणून घोट्यावर बोट दाबून खड्डा राहतो का पाहतो, आडवे झाल्यावर धाप लागते का कळावे म्हणून रात्री झोपायला किती उशा लागल्या हे विचारतो. घरी हे सारे थांबते. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढले तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते. धाप लागण्याआधीच ते काट्यावर दिसू शकते, आणि तेव्हाच डॉक्टरांना कळवायला हवे.

मीठ अंगात पाणी धरून ठेवते, पण ‘मीठ कमी’ एवढे लिहूनही भागत नाही. भाजी अळणी आणि ताटात लोणचे-पापड, हे नेहमीचेच. सैंधव चालते हा तर मोठाच गैरसमज, तेही मीठच. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळीही शरीरात पाणी साठवते. लग्नाला जायचे म्हणून लघवीची (साठलेले पाणी लघवीवाटे काढणारी) गोळी बुडवणाऱ्या आजीही पुष्कळ. त्यांना कुणी सांगितलेलेच नसते की, डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, घरात स्वयंपाक जो करतो त्याला समोर बसवून, परिचारिकेने हे मराठीत समजावून सांगावे आणि वजनाचा तक्ता हाती द्यावा. त्यासाठी रुग्णालयांनी तिच्या ड्युटीत तेवढा वेळ राखून ठेवावा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा