इनुइट कला ‘आदिम’ नाही आणि ‘अखेरच्या घटका’ही मोजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट या मूलनिवासी लोकांच्या चित्रांवरचा लेख वाचला. घुबडाचे चित्र चांगले मोठे छापलेत, त्याबद्दल आभार. पण हजारो वर्षांची आदिम कला आता अखेरच्या घटका मोजते आहे, हा लेखाचा सूर पटला नाही. केनोजुआक अशेवाक या इनुइट चित्रकर्तीचे ते घुबड १९६०चे आहे. माझ्या वर्गमित्रांतले निम्मे त्याच्याहून वयाने मोठे आहेत!

हाडावर, हस्तिदंतावर कोरण्याची इनुइटांची परंपरा जुनी, यात वाद नाही. कागदावरचे छापचित्र मात्र तिथे १९५७च्या आसपास आले. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटालगतचे किंगाइत हे ते गाव. तेव्हा नकाशावर त्याला केप डॉर्सेट म्हणत, २०२०मध्ये त्याने आपले मूळ नाव परत घेतले. तिथे राहिलेल्या जेम्स ह्यूस्टन या चित्रकाराने सांगितलेली हकिकत अशी. ओसुइटोक इपीली हा शिल्पकार सिगारेटच्या दोन पाकिटांवरचे खलाशाचे डोके न्याहाळत होता. तेच ते डोके पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्याला कंटाळा कसा येत नाही, असे त्याने विचारले. ह्यूस्टनने उत्तरादाखल ओसुइटोकच्याच कोरलेल्या सुळ्यावर शाई फासली आणि त्याचा ठसा कागदावर उमटवून दाखवला. पुढे ह्यूस्टन जपानला गेला, उनइची हिरात्सुका यांच्याकडे लाकूडठशांचे काम शिकला आणि परतला. किंगाइतमध्ये लाकूड कुठले? तिथल्या कारागिरांनी दगडावर ठसे कोरले. चित्र काढणारा एक, ठसा कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, ही जपानी कामवाटणीही त्यांनी उचलली. १९५९मध्ये सहकारी संस्था स्थापन झाली, ती आजही चालू आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या मला साठ वर्षांहून जास्त टिकलेल्या सहकाराचेच खरे तर अधिक अप्रूप वाटते, पण ते असो.

मुद्दा असा, की ही कला जन्मापासूनच आधुनिक आहे. बाहेरचे तंत्र आणि बाहेरची बाजारपेठ तिने डोळे उघडे ठेवून घेतली. मग आजच्या चित्रकाराने फ्रिज काढला की ‘अस्सलपणा हरवला’ म्हणून गळा कशाला काढायचा?

फ्रिज खरोखरच काढला तो अ‍ॅनी पुटुगुक यांनी. त्यांची आजी पिट्सिओलाक अशूना तंबूतले, शिकारीच्या वाटेवरचे जुने दिवस काढायची. आई नापाची पुटुगुक याही चित्रकार. अ‍ॅनींनी रंगीत पेन्सिली घेऊन आपल्या घरातले जे दिसले ते काढले: टीव्हीसमोर बसलेली माणसे, भिंतीवरचे घड्याळ, जमिनीवर मांडून सगळ्यांनी मिळून खाल्लेले सीलचे मांस आणि बायकोला मारणारा नवराही. त्यांना २००६मध्ये कॅनडाचा सोबी पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी त्यांची चित्रे जर्मनीत डॉक्युमेंटा प्रदर्शनात लागली. २०१६मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी त्या कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, वारल्या. शेवटची वर्षे फार हलाखीची होती. त्यांची मामेबहीण, चित्रकार शूविनाई अशूना यांना २०२२च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात विशेष उल्लेख मिळाला. त्यांच्या कागदावर अष्टपाद, पृथ्वीचे गोल आणि गावातले शेजारी एकत्र नांदतात. मी चाळीसेक वर्षे चित्रकला शिकवली, पण रेषेचा इतका निर्भयपणा फार थोड्यांत पाहिला. लेखात या दोघींचा उल्लेखही नाही.

लेखातला ‘बदलापुढे हतबल’ हा शब्दप्रयोगही खटकला. इग्लूलिक या दुसऱ्या इनुइट गावाने १९७०च्या दशकात दोनदा मतदान करून टीव्ही नाकारला, कारण त्यावर इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेतले काहीच नव्हते. इनुइटांचे स्वतःचे प्रसारण सुरू झाल्यावरच, १९८३मध्ये, गावाने होकार दिला. याच गावच्या झकारायस कुनुक यांनी १९८१मध्ये आपली दगडी शिल्पे विकून व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. वीस वर्षांनी त्यांच्या इनुक्टिटुट चित्रपटाला कान महोत्सवात पदार्पणासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला. याला हतबलता म्हणत नाहीत.

हळहळायचेच असेल तर शाळेकडे बघून हळहळावे. ही दोन्ही गावे ज्यात येतात तो नुनावुत हा कॅनडातला वेगळा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी झाला. तिथल्या लोकसंख्येत सुमारे ८५ टक्के इनुइट आहेत. २००८च्या शिक्षण कायद्याने बारावीपर्यंत इनुइट भाषेतूनही शिकवण्याचे वचन दिले, मुदत २०१९ची. शिक्षक पुरेसे तयार झाले नाहीत. २०२०मध्ये कायदा बदलून मुदत २०३९पर्यंत लांबवली, आणि तीही मुख्यतः भाषा हा एक विषय शिकवण्यापुरती. हे करणारे सरकार ओटावातले नव्हे, नुनावुतचेच, म्हणून जास्त बोचते. इनुइटांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नुनावुत टुंगाविक या संस्थेने २०२१मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. २०२०मध्ये पाच वर्षांचे असलेले मूल २०३९मध्ये चोवीस वर्षांचे असेल.

पुरवणीत या दाव्यावर कोणा जाणकाराकडून लिहून घ्यावे, ही विनंती. सोबत चित्र छापणार असाल तर अ‍ॅनी पुटुगुक यांचे, आणि शक्यतो रंगीत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली