‘हात लावू का?’ असं विचारणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

रविवारी माझी लेक फुटबॉलच्या मॅचमध्ये 12 मिनिटं खेळली. तुम्ही तिला आत पाठवलंत तेव्हा मी मैदानाकडे पाठ करून उभी होते, बघायचा धीरच होईना. मुलींचा आरडाओरडा ऐकून वळले, तर ती चेंडूमागे धावत होती. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले. समोर बोलायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता.

गेल्या वर्षी ती दुसऱ्या एका क्लबात जायची. हेडर मारून खाली आली आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. तिथल्या कोचनी तिचा पाय धरून दोनदा खेचला आणि म्हणाले, “नाटकं पुरे, चालायला लाग.” चौदा वर्षांची पोर ती, चालली. पुढचे दोन आठवडे कुणी चौकशी केली नाही. फोन आला तो फीच्या हप्त्यासाठी. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, तुटलं होतं. ऑपरेशन, फिजिओ, पैशांची जुळवाजुळव, तो सगळा पाढा इथे नको.

कुबड्या घेऊन ती पहिल्यांदा खडकीच्या मैदानावर आली तो दिवस मात्र मला लिहून ठेवायचाच आहे. खेळायला नाही, नुसती बघायला आली होती. तुम्ही सराव सोडून आलात, तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसलात आणि विचारलंत, “हात लावू का?” तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, “आईकडे नको बघूस. गुडघा तुझा आहे.” ती बराच वेळ गप्प होती. मागे चेंडू कुठेतरी भलतीकडे गेला, मुली तुम्हाला हाका मारत होत्या, तुम्ही हलला नाहीत. शेवटी ती म्हणाली, “नको.”

तुम्ही “बरं” म्हणालात आणि उठलात.

एवढंच. समजावणं नाही, ‘अगं मी काही करत नाही’ नाही. रिक्षात ती मला म्हणाली, “आई, त्यांनी ऐकलं.” कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज मोकळा वाटला. चौथ्या दिवशी तिनंच पाय पुढे केला, “सर, बघता का?”

तुमची स्वतःची गोष्ट मला खूप नंतर कळली, तीही चहाच्या टपरीवर, तुटक तुटक. कॉलेजचा संघ, मग विद्यापीठाचा. खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागेल अशी घरच्यांची आशा. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, चौघांनी धरून पाय ओढला, स्प्रे मारला आणि दुसऱ्या हाफला परत उतरवलं. त्यानंतर तुम्ही तसे कधी धावलाच नाहीत. दिवसा गोडाऊनची नोकरी करून, पैसे साठवून फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स काढलंत. ज्या वयात तुमचं मैदान सुटलं, त्याहूनही लहान मुलींना तुम्ही रोज पहाटे मैदानावर उभं करता. हे सांगताना तुमच्या बोलण्यात कुणाविषयी कडवटपणा नव्हता. मला तसं जमत नाही, सर.

सुरुवातीला आम्ही काही पालक कुरकुरायचो, की चेंडू देण्याआधी वीस मिनिटं हे काय चाललंय? एका पायावर तोल, उडी मारून वाकल्या गुडघ्यांनी अलगद उतरणं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि दुसरीनं गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचं. तो फिफाचा ‘11+’ वॉर्मअप आहे, आणि उतरताना गुडघा आत वळू नये म्हणून हे सगळं, हे तुम्ही आम्हाला बसवून समजावलंत. वाढीच्या वयातल्या मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हेही तेव्हाच कळलं. आधीच्या ठिकाणी दोन चकरा मारल्या की थेट मॅच. ही वीस मिनिटं तिथे कुणी दिली असती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

आणखी एक आठवण. ऑपरेशनला सहा महिने झाले होते आणि ती खेळायचं म्हणून हट्टाला पेटली होती. तिनं तुम्हाला भारताचे फुटबॉलपटू जर्नेल सिंगांचं उदाहरण दिलं. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला टाके असताना ते फायनल खेळले, गोल केला आणि आपण दक्षिण कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्ण जिंकलं. तुमचाच आवडता किस्सा तिनं तुमच्यावर उलटवला! तुम्ही म्हणालात, “ते शौर्य त्यांचं. कोचनं ते पोरांकडून मागायचं नसतं. नऊ महिन्यांच्या आत नाही.” ती रडली, मीही घरी येऊन रडले. पण तुम्ही तिला घरी बसवलं नाहीत, रोज शिट्टी हातात देऊन छोट्या मुलींच्या बाजूला उभं केलंत.

माणसाला माणसासारखं विचारायला पैसे लागत नाहीत, मोठं मैदान लागत नाही. डॉक्टर, शिक्षक, नातेवाईक, आम्ही आईबापसुद्धा मुलांना धरतो, ओढतो, उभं करतो. घाई असते ना सगळ्यांना. त्या दिवसापासून मी तिची वेणी घालायच्या आधीही थांबते.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन येणार आहे, तेव्हा “कशाला, ताई?” म्हणू नका. चकल्या ती स्वतः पाडणार आहे, तुमच्यासाठी.

आपली,
तुमच्या एका खेळाडूची आई
खडकी, पुणे