उत्पन्नाचा दाखला खरा काढू की खोटा?

मा. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी नाशिकला सिडकोत राहते. मिस्टर अंबड एमआयडीसीत कामाला, पगार महिना 16 हजार. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार धरलेत त्यात ऑटिझमपण आहे आणि त्याचं सर्टिफिकेट निघतं, हे आम्हाला थेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं, नाहीतर आम्हाला कुठलं माहीत.

तर ऑनलाइन फॉर्म भरला, तपासणीची तारीख मिळाली, सकाळी आठला जाऊन बसलो. बाकावर शेजारी सुरगाण्याहून आलेल्या एक ताई होत्या, त्यांचंही लेकरू मांडीवर. हळूच विचारतात, पोराला खायला घातलं का? म्हटलं हो, पोळी-भाजी. तर म्हणे कशाला घातलं, उपाशी आणायचं, म्हणजे आत गेल्यावर रडतं, आपटतं, अपंगत्वाचे टक्के नीट मिळतात.

मला आधी रागच आला. मग आमचा नंबर लागला. बाहेरच्या गोंगाटात चार तास कानावर हात दाबून बसलेलं माझं पोरगं आतल्या गार खोलीत एकदम शांत झालं आणि सुरू, निमाणी, पंचवटी कारंजा, रविवार कारंजा, शालिमार, सीबीएस... सिटीलिंक बसचे स्टॉप पाठ आहेत त्याला. तपासणारे म्हणाले, हुशार आहे की! 40 प्रश्नांची चाचणी असते ती, दहा मिनिटांत उरकली. स्कोअर 70 च्या खाली म्हणजे ऑटिझम नाहीच, विषय संपला. (घरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागं कोण राहतं ते कुठल्या प्रश्नात नव्हतं.) परत अर्ज, परत तारीख, सात महिने गेले तेव्हा 60 टक्क्यांचं सर्टिफिकेट हातात आलं. दुसऱ्या वेळी मी त्याला उपाशी नेलं होतं. लिहिताना लाज वाटते पण नेलं होतं.

आता पुढचं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याचे 1500 चे 2500 केलेत, त्याबद्दल खरंच आभार. पण उत्पन्नाची अट वर्षाला 50 हजार. म्हणजे दिवसाला 137 रुपये, साहेब, आख्ख्या घराचे. माझ्या मुलाचं एक थेरपी सेशन 400 चं आहे आणि आठवड्याला तीन लागतात, परवडत नाही म्हणून एकच करतो. नाशिकमध्ये रोज कामावर जाणाऱ्या कुठल्या माणसाचं घर 137 मध्ये बसतं ते मला कोणीतरी दाखवा.

उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म घ्यायला गेले तर बाहेरचा एजंट म्हणतो, टेन्शन नका घेऊ वहिनी, 48 हजाराचा दाखला काढून देतो, सगळे तेच करतात. असतीलही करत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आधी पोराला उपाशी ठेवून रडवायचं आणि मग नवऱ्याचा पगार लपवायचा, हे आम्हाला कोण शिकवतंय? तुमची अटच शिकवते ना.

अट वाढवा, नाहीतर निदान थेरपीचा खर्च उत्पन्नातून वजा धरा. आणि अशा मुलांना तपासणीला ठरलेली वेळ द्या, लाइन नको.

दाखल्याचा अर्ज घरात तसाच पडलाय, उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवलाय. त्यात 1 लाख 92 हजार लिहिलं तर चालेल का, एवढं कळवा.

आपली,
सिडकोतली एक आई