गिरणी कामगारांच्या कागदपत्रांसाठी गावकरी आणि चाकरमान्यांना कळकळीचं आवाहन

सर्व वाड्यांतील ग्रामस्थ, मुंबई-ठाणे-पनवेलचे चाकरमानी, माहेरवाशिणी आणि परदेशी असलेली मुलं यांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या खोलीवरच्या मासिक सभेत ठरल्याप्रमाणे हे पत्रक काढत आहे. सभेला नेहमीचीच डोकी होती, त्यामुळे बाकीच्यांसाठी पहिल्यापासून लिहावं लागतंय.

विषय एकच आहे. आपल्या गावातून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्या माणसांचे पुरावे गोळा करायचे आणि गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी केलेल्या अर्जांची पात्रता पूर्ण करून घ्यायची. माणूस हयात असेल तर त्याच्या नावाने, नसेल तर वारसांच्या नावाने. यासाठी निधी हवा आहे. त्याहून जास्त गरज आहे ती मोबाईल-कॉम्प्युटर नीट चालवणाऱ्या आणि कार्यालयातल्या बाकावर न चिडता बसू शकणाऱ्या माणसांची.

मंडळाची लालबागची खोली तुम्हाला माहीत आहेच. निदान तुमच्या वडिलांना माहीत होती. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक पत्र्याची पेटी, एवढीच मालमत्ता. त्या खोलीतल्या वर्गणीतून गावच्या शाळेचं छप्पर झालं, पाणवठ्याची पाखाडी (दगडी पायवाट) झाली, देवळाचा सभामंडप झाला. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, उभं राहून कमावलेल्या पैशांतले दर पगाराला ठरलेले पैसे कापून हे झालं, कोणा पुढाऱ्याच्या निधीतून नव्हे. सभामंडपात ज्यांची नावं कोरली आहेत त्यांतले निम्मे बदली कामगार, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी लागणारे, होते. महिन्यातले किती दिवस काम मिळेल याची त्यांना खात्री नसायची, तरी त्यांची वर्गणी कधी चुकली नाही.

साचेवाल्या आबांचे उपकार तर शब्दांत सांगता येणार नाहीत. आबा मंडळाचे चिटणीस असताना त्यांनी वर्गणीचं जे रजिस्टर ठेवलं, त्यात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे गिरणी, खातं आणि तिकीट नंबर लिहिलेला आहे. कारण साधं होतं. बदलीवाल्याला वर्गणी निम्मी होती आणि कोणी खोटं बोलू नये म्हणून आबा पास बघूनच नोंद करायचे. त्यांचा हा काटेकोरपणा तेव्हा खोलीत कोणाला आवडत नसे. आज तेच रजिस्टर आमचा सगळ्यात मोठा आधार आहे. ज्या घरात एकही कागद उरलेला नाही त्या घरातल्या माणसाचा तिकीट नंबर आबांच्या अक्षरात सापडतो आणि तिथून पुढे भविष्य निर्वाह निधीचा नाहीतर ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) नंबर शोधता येतो.

दुसरं नाव खाणावळीच्या मावशींचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि आपल्या खोलीतल्या सगळ्यांचे पगार एका दिवसात थांबले. मावशींनी उधारीवर जेवू घातलं. त्यांची ती उधारीची वही त्यांच्या नातीने दोन वर्षांपूर्वी मंडळाला आणून दिली. त्यात कोण किती जेवला याच्यासोबत तो कुठल्या गिरणीचा हेही लिहिलेलं आहे. सरकारी पुरावा म्हणून ती वही चालत नाही, पण कोणाला कुठे शोधायचं हे कळतं. त्यातली बरीचशी उधारी फिटलेली नाही, हे वारसदार मंडळींनी लक्षात घ्यावं. मावशींनी मागितली नाही, नातही मागत नाही.

२०१० च्या सुमारास घरांसाठी अर्ज भरून घेतले तेव्हा बाजारपेठेतल्या छापखानेवाल्या भाऊंनी सगळ्या झेरॉक्स फुकट काढून दिल्या. मास्तरांनी निवृत्तीनंतरचे महिने त्यात घालवले. वरच्या वाडीच्या वहिनींना २०१२ च्या सोडतीत घर लागलं. त्यांनी पेढ्यांच्या बरोबर मंडळाला पाकीट दिलं आणि ताबा मिळाल्यावर पुन्हा एक दिलं. मस्कतच्या दोघा भावांनी गेल्या वर्षी स्कॅनर पाठवला. या सर्वांचे मंडळ ऋणी आहे. यादी मोठी आहे, जागेअभावी सगळी देता येत नाही, कोणी रागावू नये.

आता तरुण मंडळी विचारतात, सरकारने काय केलं? त्यांना सांगायचं तर सरकारने काही केलंच नाही असं नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं आणि १९९५ साली त्या रीतसर राष्ट्रीयीकृत झाल्या. त्यामुळे टाटा, फिनले, पोदार, कोहिनूर इथली आपली माणसं आणखी काही वर्षं पाळीवर जात राहिली. १९८६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. ऐकायला चांगलं आहे. पण गिरणी कायद्याने कायमची बंद झालेली पाहिजे, आणि कामगाराची तिथे सलग ५ वर्षं नोकरी पाहिजे. कितीतरी गिरण्या भोंगा थांबल्यावरही कागदावर चालूच होत्या, आणि बदलीवाल्याने सलग ५ वर्षं दाखवायची कशी?

मग १९९१ चा विकास नियंत्रण नियम, ५८ क्रमांकाचा. मालकाला जमीन विकायला परवानगी, पण पैसा गिरणी सुधारायला आणि कामगारांची देणी द्यायला वापरायचा, आणि जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणी टिकावी म्हणून केलेला नियम होता. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे झाले. बांधकाम उभं होतं ती जमीन त्यातून सुटली. साहजिकच वाटा आटला. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारने घेतलेल्या, गिरण्यांचे लिलाव झाले, एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलच्या जागेला ७०२ कोटी आले. जमिनीच्या वाट्यांबाबत उच्च न्यायालयात कामगारांच्या आणि नागरिकांच्या बाजूने निकाल लागला होता, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फिरला. ५८ क्रमांकाच्या त्या नियमात आणखी एक गोष्ट होती, जी आपल्यातल्या कोणालाच वेळेवर कळली नाही. गिरणीच्या जागेवर येणाऱ्या नव्या उद्योगात, पात्रता असेल तर, कामगाराच्या घरातल्या एकाला नोकरीत प्राधान्य द्यायचं होतं. आपल्या गावातल्या एकाही मुलाला अशी नोकरी लागल्याचं मंडळाच्या माहितीत नाही. कोणाला लागली असेल तर जरूर कळवा, आनंदाने दुरुस्ती करू.

जे हाती आलं ते घर. तेही आपोआप आलेलं नाही. १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांना एकत्र करून दत्ता इस्वलकर आणि त्यांचे साथी उपोषणं, मोर्चे, निदर्शनं करत राहिले, त्याचं ते फळ. इस्वलकर २०२१ मध्ये गेले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, सव्वादोनशे चौरस फुटांची, साडेसात लाखांत. २०१६ मध्ये २,६३४ आणि त्याच वर्षअखेर पनवेलजवळ कोनची २,४१७. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. बेरीज करून बघा, सोळा हजारही होत नाहीत. अर्ज आहेत पावणेदोन लाखांच्या घरात. कोनला सोडत लागलेल्यांना ताब्यासाठी किती वर्षं थांबावं लागलं ते खालच्या वाडीतल्या दोन घरांना विचारा.

आता मुंबईबाहेर, कर्जतच्या रेल्वेमार्गावरच्या शेलू आणि वांगणीच्या घरांची चर्चा आहे. मुंबईतच घर हवं असं म्हणणारे आणि मिळेल ते घ्या म्हणणारे असे दोन तट आपल्याही सभेत आहेत. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा झाला तेव्हा आपल्या मंडळाचा फलक तिथे होता. मंडळ कोणत्याही तटात नाही. घर शेलूत मिळो नाहीतर शिवडीत, पात्रता यादीत नाव नसेल तर दोन्हीकडे शून्य, एवढंच आमचं म्हणणं आहे.

खरी अडचण इथे आहे. अट आहे की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे, आणि ते कागदाने सिद्ध झालं पाहिजे. ओळखपत्र, तिकीट, हजेरी कार्ड, लाल पास, पगाराची पावती, ग्रॅच्युइटीचा आदेश, सर्व्हिस सर्टिफिकेट, फंडाचा नंबर, यांतलं जे असेल ते. आपल्याकडे हे कागद पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, देव्हाऱ्यामागे आहेत. दर पावसाळ्यात वाळवी काही खाते, दर वर्षी दोन-चार माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर कुठे काय ठेवलंय ही माहिती जाते. गिरणीच्या कार्डावर बऱ्याच जणांचं आडनावच नाही, नाव आणि बापाचं नाव एवढंच. आधार कार्डावर आडनाव आहे. हा एकच माणूस आहे हे पटवून देताना एका कार्यालयात आपल्या ऐंशी वर्षांच्या तात्यांना सांगितलं गेलं की पुढच्या वेळी स्वतःला ओळखणारा साक्षीदार आणा. त्यांच्या बरोबर साचे चालवणारे आता कुठून आणायचे? शेवटी आबांचं रजिस्टर, रेशन कार्ड आणि प्रतिज्ञापत्र जोडून ते काम झालं. असं प्रत्येक प्रकरण हाताने सोडवावं लागतं. वारस चार असतील आणि एक सुरतेला, एक बोरिवलीला असेल तर सह्या गोळा करण्यातच महिने जातात. भावाभावांनी आधी आपसांत बसून ठरवावं ही विनंती. मंडळ भांडणं सोडवणार नाही.

थोडं मनातलं बोलतो. मागच्या खेपेला आवाहन टाकलं तेव्हा ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले, वर्गणी आली ती नेहमीच्या घरांतून. क्रिकेटच्या टुर्नामेंटचा खर्च एका रात्रीत जमला. मंडळाचा त्याला विरोध नाही, मुलं खेळली पाहिजेत. पण ज्यांना सोडतीत घर लागलं, ज्यांचे फॉर्म मास्तरांनी स्वतःच्या हाताने भरले, त्यांतल्या काहींनी नंतर फोनही उचलला नाही. एकाने तर विचारलं, आता आमचं काय काम? काम आहे. तुम्हाला रस्ता माहीत झाला आहे, बाकीच्यांना दाखवा.

दलालांबद्दलही सांगतो. पैसे घेऊन पात्रता करून देतो म्हणणारे गावात फिरतात. मूळ कागद त्यांच्या हाती अजिबात देऊ नका. आणि एक स्पष्टपणे सांगायला हवं. ज्यांनी २०१० नंतरच्या टप्प्यांत अर्जच केला नाही त्यांना घर मिळवून देऊ असं मंडळ म्हणत नाही. त्यांचे पुरावे मात्र आम्ही जपून ठेवू आणि यादी कामगार संघटनांकडे देऊ.

खर्च आणि व्यवस्था अशी: एक साधा लॅपटॉप, प्रतिज्ञापत्रं आणि नोटरी, वारस दाखल्यांसाठी वकिलाची फी (वकील आपल्याच गावचे जावई आहेत, निम्म्यात करतात), वयस्कर मंडळींना मुंबईला नेण्या-आणण्याचा एसटीचा आणि रिक्षाचा खर्च, मिळून सुमारे १,४०,०००, पैकी ३८,००० जमा. किमान वर्गणी ५००, जास्तीला मर्यादा नाही, ज्यांचं प्रकरण चालू आहे अशा विधवा आणि हयात कामगारांकडून काहीही घेणार नाही. पैसे मंडळाच्या खात्यातच भरा, क्रमांक पावती पुस्तकाच्या मागे आहे, खजिनदारांशिवाय कोणाच्याही वैयक्तिक नंबरवर पाठवू नका, पावती मागून घ्या. मुंबईत दर रविवारी सकाळी १० ते १ खोलीवर. गावी शिमग्याला पालखी सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस सभामंडपात, सकाळी ९ पासून. येताना अर्जाची पोच, आधार, रेशन कार्ड, गिरणीचा जो असेल तो कागद, वारस असल्यास मृत्यू दाखला. स्कॅन करून मूळ कागद लगेच परत. ज्यांना मदतनीस म्हणून यायचं आहे त्यांनी शिमग्याच्या आधीच्या रविवारी खोलीवर हजर राहावं, काम समजावून सांगितलं जाईल, चहा-वडापाव मंडळाकडून. माहेरवाशिणींचाही वारसा हक्क आहे, त्यांनी भावांच्या निरोपाची वाट बघत बसू नये, थेट यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. जीर्ण कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मागच्या वेळी तीन हजेरी कार्डांवरचे नंबर त्या पट्टीखालीच गेले. वर्तमानपत्रात गुंडाळून तसेच आणा.