फौजी फोटोला नाव देण्याआधी खांदे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की घरोघरच्या ट्रंकांतून जुने फौजी फोटो बाहेर निघतात. फोटोतल्यांना ओळखणारे कोणी उरलेले नसले की खाली सरसकट 'गोवा मुक्ती, १९६१' असे लिहिले जाते. गणवेश मात्र पुष्कळदा वेगळेच सांगत असतो, आणि त्यात एखाद्या घरातला माणूस कायमचा हरवतो. म्हणून हे पत्र.

आधी खांदे पाहावेत. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय सैन्याच्या चिन्हांतून ब्रिटिश मुकुट गेला व अशोकस्तंभाचे सिंह आले. मेजरच्या खांद्यावर मुकुट असेल, तर तो १९६१ सालचा भारतीय अधिकारी नव्हे. घड्याळजीकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग असते, ते लावून पाहावे. मुकुट रुंद व घुमटासारखा दिसतो, सिंहांची आकृती उभट असते. मागे 'जमादार' लिहिले असेल तर तेही उपयोगी: हे पद १९६५ मध्ये 'नायब सुभेदार' झाले. टोपीवर गोलाकार कड्यांचा खगोल व त्यावर ढाल दिसली, तर सैनिक पोर्तुगीज फौजेतला. पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात १९१६ पासून होता, दुसऱ्यात तटस्थ; म्हणून अशा सैनिकाला दुसऱ्या महायुद्धात लढलेला समजू नये.

पायांना गुंडाळायच्या कापडी पट्ट्याही बोलतात. पायदळाचा शिपाई घोट्यापासून वर गुंडाळी, त्यामुळे नाडी गुडघ्याखाली येई. घोडेस्वार वरून खाली गुंडाळी, म्हणून नाडी घोट्याशी. बाहीवर लायरचा, म्हणजे छोट्या वीणेसारख्या वाद्याचा बिल्ला असेल तर तो बँडवाला. गोव्याचे कितीतरी वादक ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये होते, तेव्हा या बिल्ल्याला शौर्यपदक समजू नये.

निगेटिव्ह उलटी ठेवून छापली असेल, तर सगळेच फसते. पुरुषाच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलट दिसले तर आधी फोटो आरशात पाहावा, मग निष्कर्ष काढावा.

मोबाइलवर रंग भरून घेतलेल्या फोटोवरून पदक कधीही ओळखू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटे, निळा फिकट. ॲप तिथे मनचे रंग भरते, अस्पष्ट बिल्ला 'स्पष्ट' करताना नसलेली नक्षीही काढते.

कागदाची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल, तर ती बहुधा १९७० नंतर काढलेली प्रत. भिंगाखाली ठिपके दिसले तर छापील पानाचे कात्रण. बॅटरीचा प्रकाश बाजूने, अगदी आडवा टाकला की पुसट पेन्सिल व स्टुडिओचा दाबलेला शिक्का उमटून येतो.

आपल्या पावसाळ्यात फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. ते ओढू नयेत आणि ओल्या फडक्याने पुसूही नयेत, जिलेटिनचा थर फुगून चित्रच निघून येते. काचेसकटच स्कॅन करावे. सुट्या फोटोच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर घ्याव्यात. लॅमिनेशन करू नये. पाठीवर लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

आपणही असा फोटो छापताना 'अनोळखी सैनिक. खांद्यावर मुकुट, म्हणून भारतीय सैन्यातला असल्यास १९५० पूर्वीचा' एवढेच छापावे, आणि पाठीवरचा मजकूर असेल तर तो जसाच्या तसा द्यावा, ही विनंती. चेहरा ओळखणारे कोणीतरी पेडण्यात किंवा काणकोणात अजून असू शकेल.

– जुने फोटो जतन करणारे काही वाचक, फोंडा