शर्यतीनंतरचा रक्ततपास आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याने शरीरात फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू) वाढतात, म्हणून धावपटूंनी त्यांना निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात, असा सल्ला आरोग्यविषयक लेखांतून वारंवार दिला जातो. यातील पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही.

कष्टाच्या व्यायामात शरीराचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या तुलनेत १० ते २० पटींनी वाढतो आणि राबणाऱ्या स्नायूंत सुपरऑक्साइडसारखे फ्री रॅडिकल्स अधिक प्रमाणात तयार होतात. दमून थांबेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत व यकृतात फ्री रॅडिकल्स दोन ते तीन पटींनी वाढल्याचे १९८२ मध्येच मोजून दाखवले गेले होते. परंतु हेच रेणू पेशीला एक निरोपही पोहोचवतात, आणि त्या निरोपामुळेच पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइमे व ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व (दोन्ही अँटिऑक्सिडंट) दिले होते, त्यांच्यात व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद दिसलाच नाही; गोळ्या न घेणाऱ्यांत तो दिसला. फ्री रॅडिकल्सचा ताण पुसायला गेलो आणि सरावाचे फळही पुसले गेले, असा हा प्रकार आहे. (फळे-भाज्या खाण्याबद्दल हे नाही, प्रश्न मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे.)

शर्यतीनंतर तपासलेल्या रक्तातील चरबीच्या आकड्यांबाबतचा गोंधळ निराळा आहे. दीर्घ व्यायामानंतर स्नायूंतील लायपोप्रोटीन लायपेज हे रक्तातील चरबी फोडणारे एन्झाइम काही तासांनी जोमाने काम करू लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) घटलेले आढळते आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) थोडे वाढलेले असू शकते; हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र व्यायामाने फारसे हलत नाही. शिवाय शर्यत संपते तेव्हा घामामुळे रक्त दाट झालेले असते, तर पुढच्या एक-दोन दिवसांत प्लाझ्माचे (रक्तातील द्रव भागाचे) आकारमान वाढून ते पातळ होते, त्यामुळे चरबीत काहीही बदल झालेला नसतानाही अहवालातील आकडे वर-खाली होतात. याच काळात क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतून रक्तात येणारे एन्झाइम इतके वाढलेले असते की कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्याला औषधानेच स्नायूंना इजा झाली, असे वाटावे.

म्हणून शर्यतीनंतरच्या सुखद अहवालावर विसंबून कोणी औषध बंद केले, तर ती घाई ठरेल. कोलेस्टेरॉलवरील लेखात तपासणीआधी १२ तास उपाशी राहण्याची सूचना आपण आवर्जून छापता. तिच्याच शेजारी आधीचे दोन-तीन दिवस जोरकस व्यायाम टाळावा, आणि तो झालाच असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक