वापसा येईपर्यंत

पुणे,
गुरुवार, रात्र

प्रिय आई आणि बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर बोलायचं ते राहूनच जातं. बाबा, तुम्ही "सगळं बरं आहे" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आई, तू माझ्या डब्याची, पोरांच्या सर्दीची चौकशी करतेस, तेवढ्यात तुला दम लागतो. म्हणून लिहायला बसले. आज गुरुवार, म्हणजे नगरची डायलिसिसची फेरी झाली असणार. विळद घाटातून गाडीत झोप लागली का गं? की रस्त्याने लागू दिली नाही?

आधी अवघड विषय काढते, नाहीतर शेवटपर्यंत तो टाळत बसेन. बाबा, गेले पाच रविवार तुम्ही उपासनेला गेला नाहीत. हे मला आईने सांगितलं नाही, मंडळीतल्या दोघांनी कळवलं, आणि कळवतानाचा त्यांचा सूर मला आवडला नाही. कारण मला ठाऊक आहे. घरसभेला बाहेरगावाहून आलेल्या त्या माणसाने आईच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बहीण, भरवसा यंत्रावर की प्रभूवर?" त्यानंतर आईने मंगळवार चुकवला आणि गुरुवारही चुकवला. शनिवारी पहाटे तीन उशा लावूनही श्वास पुरेना, पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. शेजारच्यांच्या बोलेरोतून तुम्ही तिला नगरला नेलंत. तो माणूस कोण, कुठला, ते मी या कागदावर लिहिणार नाही. त्याने नंतर फोनही केला नाही, एवढं मात्र विसरत नाही.

आई, तू फसलीस असं मी कधीच म्हणणार नाही. आठवड्याला तीन वार, चार-चार तास, दर वेळी दोन जाड सुया. तीन वर्षं हे सोसणाऱ्या बाईला कुणी "आता पुरे" म्हटलं, तर ती ऐकणारच. मीही ऐकलं असतं.

पण तो प्रश्नच खोटा होता. यंत्र की प्रभू! प्रेषित पौलाचं शेवटचं पत्र काढून बघ, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं. त्यात निरोप देता देता तो सांगतो की त्रफिमाला मी मिलेतात आजारीच सोडून आलो. एवढंच एक वाक्य. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तोच पौल. आपला सोबती त्याने आजारी सोडला, आणि त्याचा विश्वास कमी पडला असं एका अक्षराने म्हटलं नाही. तीमथ्याचं पोट बिघडायचं तर त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा काही निघाला नाही. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक कोण होता? वैद्य. बाबा, हे सगळं रविवारच्या शाळेत तुम्हीच आम्हाला शिकवलंत. त्या सभेत तुम्ही हे का बोलला नाहीत, असं तुम्ही स्वतःला विचारत असाल. मला वाटतं, राग त्या माणसापेक्षा तुम्हाला स्वतःचाच जास्त आलाय.

आता ईयोबाचं. आईला भेटायला येणाऱ्या बायका जाताना हमखास म्हणतात, "ईयोबासारखी सोसतेय हो." म्हणजे काय, तर तोंडातून ब्र काढत नाही. परवा शाळेला सुट्टी होती, मी पवित्रशास्त्रातलं ईयोबाचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. 42 अध्याय आहेत. पहिल्या दोनांत मुलं, धन, तब्येत सगळं जातं, तरी तो दिलेलं आणि नेलेलं सगळं परमेश्वराचं म्हणतो, आणि आपले बहुतेक उपदेश तिथेच आटोपतात. तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो ते आपल्या जन्मदिवसाला शाप देतच. पुढे पानोपानी भांडतो. देवाला म्हणतो, माझ्यावर आरोप काय ते तरी सांग. आणि ते तीन मित्र, अलीफज, बिल्दद, सोफर, देवाची बाजू घेऊन शहाणपण सांगत राहतात: काहीतरी पाप लपवलं असशील, नाहीतर असं होईल कशाला? शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या तिघांवर. म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ज्याच्या धीराचं नाव घेतो तो हाच भांडखोर गृहस्थ. गप्प बसण्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली असेल तर मला तरी सापडली नाही. त्याने एक मात्र केलं. बोलायचं ते देवाशी बोलला, देवाकडे पाठ करून बोलला नाही.

आई, उन्हाळ्यात एकदा सुई दोनदा चुकली आणि दंड निळाकाळा झाला, त्या रात्री तू पुटपुटलीस, "देव झोपलाय का गं?" आणि लगेच जीभ चावून क्षमा मागितलीस. मी शेजारीच पडले होते, जागी होते. तुला सांगायचं राहिलं की 44 व्या स्तोत्रात हेच आहे. मंदिरात गाणाऱ्या कोरहाच्या मुलांनी स्पष्ट विचारलंय, प्रभू, जागा हो, झोपलास का? त्यांचंच 88 वं स्तोत्र तर काळोखावर येऊन संपतं, खाली दिलाशाची एक ओळ नाही. हजारो वर्षं लोक हे उपासनेत म्हणत आले. तेव्हा तुझं एवढंसं वाक्य त्याला जड जाणार नाही.

आजीची फार आठवण येते मला या दिवसांत. केडगावला पंडिता रमाबाईंच्या, निराधार बायकामुलींसाठीच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली ती. रमाबाईंना तिने पाहिलं नव्हतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा आजीचा जन्मही व्हायचा होता. पण ज्या म्हाताऱ्यांनी आजीला न्हाऊमाखू घातलं, त्या रमाबाईंच्या हाताखाली वाढलेल्या होत्या. त्यांच्याकडून ऐकलेलं आजी दुपारी निवडणं टिपणं करताना सांगायची. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली. मग 1880 मध्ये भाऊ गेला, ज्याच्याबरोबर पायी सारा देश फिरल्या तो. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात 1882 मध्ये पटकीने नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, तो 1883 चा. म्हणून आजी बजावायची, "प्रभू मिळाला म्हणून दुःख थांबलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका." कारण पुढे 1921 मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती ती. तोवर रमाबाईंना ऐकूही कमी यायचं. त्या हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्रशास्त्र आणत होत्या आणि मिशनच्याच छापखान्यात त्यांच्या मुली त्याच्या छपाईचे खिळे जुळवत होत्या. मुलीला माती देऊन झाल्यावरही ते काम थांबलं नाही. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, मग त्या रडल्या नाहीत? आजीने सूप खाली ठेवलं. "रडल्या नसतील कशाला? खिळे जुळवताना रडता येतं की."

बाबा, तुमच्याबद्दल लोक म्हणतात, मास्तरांचा धीर मोठा. मला तसं दिसत नाही, रागावू नका. तुम्ही दातओठ आवळून बसलाय. धीर म्हणजे काय ते मी तुमच्याकडूनच शिकले, पण ते वेगळं होतं. हस्ताचा पाऊस चांगला झाला की वाडीतल्या सगळ्यांना ज्वारी पेरायची घाई व्हायची. तुम्ही नाही पेरायचात. रोज सकाळी अनवाणी रानात जायचात, अंगठ्याने ढेकूळ दाबायचात. चिकटलं की परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकू चिडवायची, मास्तर जमिनीची नाडी बघतात. एखाद्या सकाळी ढेकूळ भुसभुशीत फुटायचं, मग तुम्ही पाभर बाहेर काढायला सांगायचात. "वापसा आला." याकोबही आधी शेतकऱ्याचंच उदाहरण देतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणाऱ्याचं, आणि चारच वचनांनंतर ईयोबाकडे वळतो. मला पूर्वी वाटायचं ही दोन वेगळी उदाहरणं आहेत. आता वाटतं, रोज उठून ढेकूळ दाबून बघणारा तो एकच माणूस असावा.

तसे तुम्ही आता का वागत नाही? देवावर राग आहे ना, तर तिथे जाऊन मागच्या बाकावर बसा आणि रागवा. गाणं म्हणू नका हवं तर. पाळकसाहेबांवर तरी राग धरू नका. ती सभा त्यांनी ठेवली नव्हती. आई सांगत होती, ते दोनदा येऊन गेले, औषधांची चिठ्ठी घेऊन नगरला जाऊन आले, ओट्यावर तासभर बसले आणि एकही वचन ऐकवलं नाही. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस आणि सात रात्री असेच बसले होते, जमिनीवर, गप्प. बोलायला लागले तिथे सगळं बिघडलं.

दिवाळीत आले होते तेव्हा तुमचं ते जुनं हजेरीपुस्तक मी पाहिलं, विचारलं नाही तुम्हाला. मुलांच्या नावांच्या जागी तारखा, पुढे आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, किती पाणी काढलं. सगळं लाल-निळ्या शाईत, एक खाडाखोड नाही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीन वर्षं कोरा. एका जागी मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं: "आज हसली." मी ते पुस्तक होतं तसं कपाटात ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन बसले.

आई, तुझाही ऐवज पाहून आले. तो स्टीलचा पेला, ज्याला तू नेलपॉलिशने रेघ ओढलीस, दिवसाचं पाणी तेवढंच म्हणून. औषधाच्या गोळ्याही त्यातच बसवायच्या. मधूनच तोंडात धरायला बर्फाचा एक तुकडा, तोही मोजून. मी पुण्यात नळ सोडते आणि मला ती रेघ दिसते. तू झोपलीस की मी तुझ्या डाव्या दंडावर बोट ठेवते, फिस्टुलावर, सुया टोचायला जोडलेल्या त्या शिरेवर. आत मांजर गुरगुरल्यासारखं सतत चालू असतं ते. डॉक्टर म्हणतात, ती थरथर आहे तोवर काळजी नाही. माझी प्रार्थना हल्ली तेवढीच होते, शब्द सुचत नाहीत.

आता कामाचं. दादा दुबईहून पैसे पाठवतो, मी काय देणार? मी शनिवार देते. मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून झालंय, शनिवारची अर्धी शाळा त्यांनी माझ्याकडून काढली, बदल्यात मी रोजचा एक जादा तास घेणार. पोरांना हे बघतील. तेव्हा या आठवड्यापासून शनिवारी आईबरोबर नगरला मी जाईन. उपकार वगैरे समजू नका आणि "कशाला तुझी ओढाताण" हे तर अजिबात म्हणू नका. तुम्ही त्या दिवशी घरी थांबा. रानात जा, झोपा, दाढी करा. यंदा पेरलंत का तेही मला कुणी सांगितलेलं नाही.

मी उद्या शाळा सुटली की निघते. एसटी रात्री उशिरा पोचेल, स्टँडवर घ्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. दाराची वरची कडी तेवढी लावू नका. आई, माझ्यासाठी भाकरी ठेवशील, पण भाजी तुझ्यातलीच ठेव, ते उकळून पाणी काढून टाकलेलं मेथीचं गरगट. मला चालतं. आणि बाबा, हजेरीपुस्तक टेबलावर काढून ठेवा. शनिवारची ओळ मी भरेन, शेऱ्यासकट.

तुमची,
बेबी